मास्तरांचा एक इंच

सासऱ्याकडून सोनं घ्यावं, शेत घ्यावं, फार तर एखादी दुभती म्हैस घ्यावी, पण चार चाकांची गाडी घेऊ नये. म्हैस दिलेली सासरा विसरतो. गाडी दिलेली तो मरेपर्यंत विसरत नाही, आणि 'चालती का नीट?' हे विचारायला तो स्वतः येतो.

हे शहाणपण बाळगोंडा मगदूम मास्तरांना १९७९ साली आलं. मास्तर निपाणीजवळच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवत. गावाचं नाव सांगत नाही, कारण मास्तर अजून तिथंच राहतात आणि त्यांचा राग दशांश चिन्हापर्यंत अचूक असतो. त्यांचे सासरे जिनाप्पा चिकोडीचे तंबाखूचे व्यापारी. त्यांनी त्या वर्षी नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी फियाट थोरल्या जावयाला दिली. देताना मात्र एक अट घातली.

"जावईबापू, गाडी उन्हापावसात हुबी करायची न्हाय. छपराखाली पायजे. महिन्यानं मी येतो बघायला. रस्त्यावर दिसली तर दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला जाईल."

इचलकरंजीला धाकटा जावई होता. त्याचा यंत्रमागाचा कारखाना होता, आणि कारखान्याला लागून गॅरेज होतं. गॅरेजला लोखंडी शटर होतं. ते शटर वर जाताना जो खडखडाट व्हायचा तो मास्तरांना दर दिवाळीला ऐकावा लागे, कारण साडू पाहुण्यांना ते मुद्दाम दोनदा उघडून दाखवत असे. गाडी गेली असती तर मास्तर पूर्वीसारखे सायकलवरून शाळेत गेले असते, त्यात काही बिघडत नव्हतं. पण ती त्या शटरच्या आत गेली असती. हे मास्तरांना जिवंतपणी बघवणार नव्हतं.

"छप्पर आहे ना आपल्याकडं," मास्तर छाती काढून म्हणाले. "गोठा रिकामाच आहे."

गाडी आणायला चिकोडीला मास्तर, त्यांची आई तारामती, बायको पद्मावती आणि शेजारचे आण्णाप्पा असे चौघे गेले होते. आण्णाप्पांनी बत्तीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टरकी केली होती, त्यामुळं मोटारींच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा होता. इंजिन त्यांनी कधी बघितलं नव्हतं, पण ते बत्तीस वर्षं ऐकलं होतं. निघताना तारामतींनी गाडीच्या डिकीत शाळूचं भरलेलं पोतं ठेवायला लावलं.

"रिकामं भांडं परत देऊ नये आन् रिकामी गाडी दारात आणू नये," त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांनी कधी रिकामी बैलगाडी दारात आणली न्हाय. काय न्हाय मिळालं तर धोंडं घालून आणायचे."

"आई, ही मोटार आहे," मास्तर म्हणाले.

"मग मोटारीला दार न्हाय व्हय?"

तर अशी भरलेली गाडी गोठ्याच्या दारापाशी आली आणि थांबली. दाराच्या वरच्या दगडाची कड आणि गाडीचं टप समोरासमोर आले. मास्तर उतरले नाहीत, बाकीच्यांनाही त्यांनी बसवून ठेवलं. त्यांनी काचेतून हात बाहेर काढून आण्णाप्पांच्या नातवाकडून शाळेची फूटपट्टी मागवली आणि पोरानं दोन्ही उंच्या मोजून सांगितल्या. दार चार फूट आठ इंच. गाडी चार फूट नऊ. फरक एक इंच.

हे दार असं बुटकं कसं, याला इतिहास आहे. आजोबांनी ते सहा फूट रुंद ठेवलं होतं, जोडी जोडीनंच आत जावी म्हणून, आणि उंचीही बरी होती. पुढं दर निवडणुकीला रस्त्यावर एकेक थर खडी पडत गेली, रस्ता वर आला, पावसाचं पाणी गोठ्यात शिरायला लागलं. मग वडिलांनी गोठ्यात भर घालून फरशी बसवली. रस्ता वर आला, फरशी वर आली, दगड मात्र आजोबांनी बसवला होता तिथंच राहिला. बैलांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गाव सल्ला द्यायला लागलं. चाकांतली थोडी हवा सोडावी हा पहिला सल्ला आण्णाप्पांचा. ती सोडली. गाडी आत गेली. सकाळी ती तशीच बाहेर काढून मास्तरांनी सायकलच्या पंपानं चारही चाकांत हवा भरली आणि शाळेत पहिल्या तासाला ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कारण कंबर सरळ होत नव्हती. पोरांना वाटलं, मास्तर आज काटकोन शिकवतायत. हा उपाय तिथंच संपला. फरशी खणा, असं देवाप्पा गवंडी म्हणाला. खणली तर पाणी येणार, आणि गाडीत पाणी शिरलं तर सासरे येणार. राहिला वरचा दगड.

दगड हलवायला पंचायतीची परवानगी लागते, हे सांगणारा शेजारी निघतोच. मास्तरांनी अर्ज लिहिला. सेक्रेटरी म्हणाले, कन्नडातपण एक प्रत द्या. मास्तरांना कन्नड येत होतं, ती दिली. मग सेक्रेटरी म्हणाले, कागदावर ही जागा गोठा आहे. गोठ्याचं गॅरेज करायचं तर आधी गोठा बंद झाला पाहिजे. त्यासाठी आत जनावर नसल्याचा दाखला आणा.

"आत जनावर नाही हे तुम्ही येऊन बघा ना."

"मी बघून काय उपेग? जनावराच्या डॉक्टरनं बघायला पायजे."

जनावरांचे डॉक्टर सज्जन होते. त्यांनी मास्तरांना बसायला स्टूल दिलं. "मास्तर, असलेल्या जनावराला मी तपासू शकतो. नसलेल्या जनावराला कुठं हात लावू? फॉर्मवर रंग, शिंगं, वय, सगळं भरायला लागतं." थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला, "तुम्ही असं करा, आठ दिवसांसाठी एक म्हैस आणा. मी तिची नोंद करतो. मग ती विका. मग ती नाही, असा दाखला मला देता येईल."

मास्तर तिथून उठले ते परत पंचायतीकडं गेलेच नाहीत. महिन्यातले सोळा दिवस संपले होते. गाडी रस्त्यावर सतरंजी पांघरून उभी होती, आणि शेजारच्या कोंबड्यांनी तिचा मान राखला नव्हता.

अशा वेळी आण्णाप्पांना आठवण झाली ती रवळू मेस्त्रीची. रवळूचं गॅरेज बेळगावला अनगोळात. गाडी उंच आहे ना, मग गाडीच ठेंगणी करू, दगडाच्या पाया कशाला पडायचं, असं आण्णाप्पा म्हणाले. मास्तरांना हे पटलं. गणितात असंच असतं. एक बाजू वाढत नसेल तर दुसरी कमी करावी.

बेळगावला जायचं म्हणताच तारामती तयार होऊन बसल्या. पद्मावतींना शहापुरात साडी बघायची होती. आण्णाप्पा तर पुढच्या सीटवर आधीच होते. आणि डिकीत ते पोतं होतंच, कारण तारामती ते उतरू देत नव्हत्या.

रवळू बारीक, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. तो गाडीखाली गेला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "पुढच्या स्प्रिंगांच्या डोक्यावर रबराची गादी असती. भाकरीएवढी गोल, मधी भोक. ती पातळ केली की गाडी खाली बसती. मागच्या स्प्रिंगांच्या लोखंडी पाट्यांतली एक पाटी काढतो, मागनंपण बसंल. पण रबर हाय म्हणून गाडी मऊ चालती. लई कापलं तर दणकं बसतील. किती बसवायची?"

"सव्वा इंच," मास्तर म्हणाले. "म्हणजे एक इंच फरकाचा आणि पाव इंच मोकळीक. तेव्हा रबरातून सव्वा इंच काढा."

"न्हाय मास्तर. तिथं निम्मं काढायचं. स्प्रिंग चाकाच्या आतल्या बाजूला हाय. तिथं अर्धा इंच गेलं की चाकापाशी गाडी इंचभर बसती."

मास्तर हसले. असं हसताना वर्गातली पोरं आपापल्या वह्या झाकत. त्यांनी खडू मागितला आणि गॅरेजच्या भिंतीवर आकृती काढली. एक दांडा, एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला चाक, मधोमध स्प्रिंग. आकृती पूर्ण झाली आणि मास्तरांनी खडू खाली ठेवला, कारण आकृतीप्रमाणं रवळूचंच बरोबर होतं. आण्णाप्पा म्हणाले, "काय निघालं?" मास्तर म्हणाले, "तेच तर मी म्हणत होतो." पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

झालेल्या अपमानाचं असं असतं की तो पुढच्या वादात व्याजासकट बाहेर येतो. रवळूनं कामाला हात घालण्याआधी सांगितलं, "आता सगळी खाली उतरा. पोतंपण काढा. रिकाम्या गाडीचं माप घिऊ."

"रिकाम्या गाडीचं माप कशाला?" मास्तर म्हणाले. "मी भरलेल्या गाडीचं माप घेतलंय, त्याच्यावरच हिशेब धरा. आमची गाडी रिकामी कधी असतच नाही. घरचा नियम आहे."

"मास्तर, रबर कापायला येतं. परत जोडायला येत न्हाय. माझं ऐका."

"तुम्ही कापा. हिशेब माझ्यावर सोडा."

तारामतींनी मान डोलावली. लेकानं चार लोकांत घरचा नियम सांगितला, हे त्यांना फार आवडलं.

रवळूनं खांदे उडवले. स्प्रिंगा उतरवल्या, रबरं काढली आणि चांभाराची रापी साबणाच्या पाण्यात बुडवून कापायला घेतलं. मास्तर कंपासपेटीतली पट्टी घेऊन शेजारी उकिडवे बसले. पहिलं रबर तिरकं कापलं गेलं, कारण नेमक्या वेळी आण्णाप्पांनी बस थांबवताना ओरडत तसं 'होल्डान!' ओरडून सूचना दिली. मग ते फिरत्या दगडावर घासलं. रबर जळल्याचा असा वास सुटला की समोरच्या घरातल्या नागुबाई पदर नाकाला लावून 'कुणाचं काय पेटलं रं?' म्हणत बाहेर आल्या आणि पद्मावतींची नवी साडी बघून तिथंच थांबल्या. कापून उरलेल्या चकत्या तारामतींनी पिशवीत घातल्या. घरच्या पलंगाचा एक पाय डुगडुगत होता.

संध्याकाळी गाडी तयार झाली. सगळे बसले, पट्टी लावली. चार फूट पावणेआठ इंच. कमी नाही, जास्त नाही. मास्तरांनी रवळूकडं अशा नजरेनं बघितलं की रवळू स्टोव्ह पेटवून चहा करायला लागला.

परतीच्या वाटेवर तवंदी घाटात गाडीनं आपलं मत दिलं. प्रत्येक खड्ड्याला खालून 'धप्प' असा आवाज येई आणि मागच्या सीटवर दोन बायका एकदम वर जाऊन एकदम खाली येत. संकेश्वरला घेतलेल्या केळ्यांचं तिथंच शिकरण झालं. "बैलगाडी बरी हुती," तारामती म्हणाल्या. "बैल तरी खड्डा बघून चालायचा." मास्तर मात्र आनंदात होते. गावात पोचल्यावर आण्णाप्पा उतरायला लागले, तर मास्तरांनी दरडावून बसवलं. गाडी दारापाशी आली. आण्णाप्पांनी काचेतून डोकं बाहेर काढून वर बघितलं आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं ओरडले, "रैट!"

गाडी आत गेली. दगड आणि टप यांच्यात हिशेबातली पाव इंचाची फट राहिली. आतून पद्मावतींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून गाडी गोठ्यातच राहिली. मास्तर कधीमधी संध्याकाळी गोठ्यात जाऊन नुसते तिच्याकडं बघत बसत. रोज तिला बाहेर काढायची गरज नव्हती, शाळा तीन मिनिटांवर होती. ती बाहेर काढून बघायला हवी होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणारा होता तो अनगोळात होता.

ठरल्याप्रमाणं जिनाप्पा आले. मास्तर त्यांना आणायला गाडी घेऊन मोटारस्टँडवर निघाले असते तर हे सगळं तेव्हाच उघड झालं असतं. पण जिनाप्पा आपल्या नव्या गाडीतून आले, ड्रायव्हरला परत पाठवलं आणि म्हणाले, "संध्याकाळी तुमच्या गाडीनं सोडा मला चिकोडीला. बघू तरी, ठेवलीय कशी."

जिनाप्पा म्हणजे धिप्पाड माणूस. तंबाखूच्या वखारीतल्या काट्यावर हमाल त्यांना गमतीनं एका भरल्या पोत्याइतकं धरत. ते गोठ्याच्या दारात वाकून उभे राहिले, टप बघितलं, दगड बघितला, दोन्हींच्या उंचीचा डोळ्यानंच अंदाज घेतला.

"ही आत कशी गेली?"

"हिशेबानं," मास्तर म्हणाले.

जिनाप्पा प्रसन्न झाले. पुरणपोळीचं जेवण झालं. साडेतीन वाजता त्यांनी हातातल्या घड्याळाकडं बघितलं. दिवस मावळल्यावर ते पाणीसुद्धा तोंडात घालत नसत. चिकोडीला पोचून, हातपाय धुऊन, उजेडात दोन घास खायचे तर निघायलाच हवं होतं. मास्तर गाडीत बसले. एकटेच. जेवणाच्या गडबडीत शाळू लागला म्हणून पोतं सकाळीच स्वयंपाकघरात गेलं होतं. मास्तरांनी रिव्हर्स टाकला, आण्णाप्पा मागं उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणाले, आणि गाडी 'कर्र' असा आवाज करून थांबली.

मागच्या काचेच्या वरचं टप दगडाला टेकलं होतं. नुसतं टेकलं नव्हतं, चांगलं अर्धा इंच वर होतं. गाडी आत आली होती आणि आता ती बाहेर जाण्याइतकी लहान नव्हती.

एका क्षणात मास्तरांना सगळं कळलं. माणसं उतरली की स्प्रिंगा ताणतात, गाडी वर येते. सातवीतल्या पोराला कळलं असतं. रवळूला कळलंच होतं. आणि मागं गल्लीत, हातात पिशवी घेऊन, सासरे उभे होते, आणि सासऱ्यांच्या मागं मास्तरांना इचलकरंजीचं शटर वर जाताना ऐकू येत होतं.

पाच मिनिटांत गल्ली जमली. देवाप्पा गवंडी पहार घेऊनच आला. कुणी म्हणालं टपाला साबण लावा. कुणी म्हणालं हवा सोडा, त्यावर मास्तरांनी कंबरेला हात लावला. कुणीतरी पंचायतीच्या सेक्रेटरींनाही बोलावलं. ते बघून म्हणाले, "मी म्हणत न्हवतो, हा गोठाच हाय."

जिनाप्पांनी पुन्हा घड्याळ बघितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "आत कोंडून घातलीसा व्हय गाडी?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हात पुसत तारामती आल्या. त्यांनी गर्दी बघितली, दगड बघितला, आणि गाडीत एकट्या बसलेल्या लेकाला बघितलं.

"रिकामी नेतोयस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "दारातनं रिकामी गाडी जाईल कशी? किती येळा सांगायचं?" आणि घरातून गोठ्यात उघडणाऱ्या दारानं आत जाऊन त्या मागच्या सीटवर बसल्या. गाडी जराशी खाली गेली. कर्र थांबलं.

पद्मावतींच्या लक्षात आलं, त्या सासूशेजारी जाऊन बसल्या. आण्णाप्पा तिसरे. गाडी आणखी बसली, पण दगड अजून सोडत नव्हता. सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडं वळल्या.

जिनाप्पांनी पिशवी काखेत मारली. धोतर सावरलं, त्याच दारानं आत शिरले, वाकले आणि पुढच्या सीटवर बसले. गाडीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि टप दगडापासून पाव इंच खाली आलं. "रैट!" आण्णाप्पा ओरडले. गाडी उन्हात बाहेर आली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाजवल्या नाहीत, त्यांचे हात स्टिअरिंगला चिकटले होते.

चिकोडीपर्यंत जिनाप्पा समोरचा रस्ता बघत बसले. खालून धप्प धप्प होत होतं, तेवढंच. मास्तरांनी मनातल्या मनात गाडीच्या चाव्या तीनदा परत दिल्या. मागं तारामती निवांत झोपल्या होत्या. सूर्य अजून दोन हात वर असताना गाडी जिनाप्पांच्या दारात पोचली. ते उतरले. उतरल्याबरोबर गाडी टुणकन वर आली. जिनाप्पांनी ते बघितलं, टपावर हात ठेवला, दाबला, सोडला.

"मास्तर," ते म्हणाले. जावईबापू नाही, मास्तर. मास्तरांनी खिशातली चावी हातात धरली.

"गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या गॅरेजचं कुलूप तोडलं, ठावं हाय का? दोन मिण्टात. स्कूटर गेली धाकट्याची. कुणाला सांगू नगा म्हणाला." जिनाप्पांनी खालच्या आवाजात सांगितलं. "तुमच्या दाराला कुलूपपण न्हाय. लागत न्हाय. ही गाडी न्यायची तर चोराला आधी चार माणसं गोळा करायला लागतील. त्यातलं एक माझ्याएवढं."

आणि मग ते हसले. पोट हलेपर्यंत हसले. मास्तरांच्या छातीवर महिनाभर बसलेला दगड तिथंच, चिकोडीत, उतरला. चावी परत खिशात गेली. त्यांना वाटलं, सासऱ्यांचे पाय धरावेत, आणि त्यांनी खरंच धरले. त्यानंतर त्यांनी रवळू मेस्त्रीला मनातल्या मनात नमस्कार केला. तोही मनापासून होता, पण ते कुणाला सांगण्याइतके अजून निवळले नव्हते.

जेवण उजेडात झालं. निघताना जिनाप्पांनी हमालांना हाक मारली. दोघा हमालांनी वखारीतून हरभऱ्याचं भरलेलं पोतं आणलं आणि ते पुढच्या सीटवर, जिनाप्पा बसले होते तिथं, नीट टेकवून बसवलं.

"माझ्या जागी ह्ये घिऊन जावा," ते म्हणाले. "न्हायतर घरी जाऊन पुन्ना दारातच थांबशीला. रिकामी गाडी दारात न्हिऊ नये, असं तुमच्या आईच म्हणत्यात."

तारामतींनी मागून, डोळे न उघडता, "व्हय" म्हटलं.

पोतं अजून त्या सीटवर असतं. त्यातले हरभरे दर वर्षी बदलतात. घरात त्याला मामा म्हणतात, सासऱ्याला म्हणतात तसं, आणि मास्तर कुठं निघाले की पद्मावती आतून विचारतात, "मामा बसलं का?" बसले असले, तर आण्णाप्पा रैट देतात.